कार्ड मिळालं, आता दुखणं सांगू का?

ठाण्यातल्या उपवन तलावाला सकाळच्या दोन फेऱ्या झाल्या की आमचा सातआठ जणांचा कंपू तलावाकाठच्या बाकांवर टेकतो. आधी तिथे राजकारण चालायचं, मग रिडेव्हलपमेंट आलं, आणि सध्या आरोग्य विमा आहे. निमित्तंही तशीच घडली. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड, म्हणजे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या हॉस्पिटल-खर्चाचं सरकारी कवच, मिळू लागलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पांढरं रेशनकार्डही चालू लागलं. मग 22 सप्टेंबर 2025 ला वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्यावर आला आणि वर्षानुवर्षं 'बघू, करू' म्हणणाऱ्यांनीही पॉलिसी काढून टाकली. त्यामुळे बाकावर नवे विमाधारक बरेच आहेत, आणि वाद एकच आहे. एक गट म्हणतो, कुणालाही विचारा, लोक खूश आहेत, म्हणजे योजना चालली. दुसरा गट, त्यात बहुतेक निवृत्त बँकवाले आणि कंपनीवाले, हसून म्हणतो, 'हातात कार्ड पडलं की खूशच असणार हो. एकदा ॲडमिट होऊ देत, मग विचारा.'

हा वाद दोन्हीकडून चुकीचा चाललाय असं माझं मत आहे. नव्याने विमा मिळालेल्या माणसाला जे बरं वाटतं ते खरं असतं, मोलाचंही असतं. त्याला भाबडेपणा म्हणून हसणाऱ्यांना विमा नसणं म्हणजे काय ते आठवत नाही, एवढंच. पण ते बरं वाटणं म्हणजे योजना पास झाल्याचं सर्टिफिकेटही नाही. माणसाने आगाऊ टाकलेला तो विश्वास आहे. आगाऊ घेतलेल्या पैशाचा हिशोब जसा पुढे द्यावा लागतो, तसा याचाही द्यावा लागेल, आणि खुशीचे आकडे मिरवणाऱ्यांना नेमका तोच नको आहे.

मागच्या वर्षी एका रविवारी आमच्या वर्तकनगरातल्या मंडळाच्या खोलीत वय वंदना कार्डांचं शिबिर होतं. तळमजल्यावरच्या काकूंना घेऊन मी गेले. काकूंचं वय चौऱ्याहत्तर. पंचेचाळीस वर्षं त्यांनी ऑफिसवाल्यांचे डबे केले, आणि पोळ्या लाटून लाटून बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की आधारच्या यंत्राला ते बोट मुळी बोट वाटतच नाही. पदराला पुसून झालं, ओला रुमाल झाला, डावा अंगठा झाला. शेवटी शिबिरात लॅपटॉप घेऊन बसलेल्या मुलाने मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला, 'आजी, चेहऱ्याने करू. स्क्रीनकडे बघा आणि डोळे मिचकवा.' मिचकवा म्हटलं की काकू दोन्ही डोळे घट्ट मिटून घेत, देवळात मिटतात तसे, आणि उघडतच नसत. सहाव्या खेपेला जमलं. कार्ड निघालं, समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणलं. काकूंनी ते दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं आणि विचारलं, 'हे कुठं दाखवायचं?' मुलगा म्हणाला, हॉस्पिटलात. 'कुठल्या?' मुलाने लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुढच्या आजोबांचं नाव पुकारलं.

खरी गोष्ट पुढे आहे. त्या दिवशी जिना चढताना काकू मधल्या पायरीवर थांबल्या आणि मला म्हणाल्या, 'एक सांगू का? छातीत भरून येतंय. दोनेक वर्षं झाली.' दोन वर्षं! मुलाला नाही, सुनेला नाही, मला नाही, कुणालाच त्यांनी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, 'सांगितलं असतं तर त्याने कर्ज काढलं असतं.' कार्डाने अजून एक रुपयाचं काम केलेलं नव्हतं. कुठल्या दवाखान्यात ते चालेल हेही ठाऊक नव्हतं. तरी त्या पातळशा कार्डाने एक काम करून टाकलं होतं: दुखणं तोंडातून बाहेर आलं.

आता सांगा, बाकावरच्या हसण्यात ही गोष्ट कुठे बसते?

हसणाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही, कारण पंचवीस वर्षं मीही त्यांच्यातलीच होते. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला होते. ग्रुप मेडिक्लेम होता, नवरा त्यात, मुलगी त्यात, कार्ड कपाटात कुठेतरी. विमा म्हणजे फॅन असतो तसा, चालू आहे हे लक्षातही येत नाही. माझ्या एक्कावन्नाव्या वर्षी कंपनीतला आमचा विभागच बंद झाला आणि शेवटच्या दिवसाबरोबर पॉलिसीही गेली. पुढचे चौदा महिने आम्ही विम्याविना काढले, आज काढू, उद्या काढू करत. त्या काळात काय होतं ते सांगते. नवऱ्याला रात्री खोकला आला की मी जागी होऊन मोजत बसायची, खोकला नव्हे, बँकेतली एफडी. कॅडबरी जंक्शनला रस्ता ओलांडताना माझी चाल बदलली होती. मैत्रिणींनी माहुली किल्ल्यावर चला म्हटलं तर गुडघ्याचं कारण दिलं. गुडघा ठणठणीत होता. शेवटी पॉलिसी निघाली. पहिले तीस दिवस आजारपणाचा क्लेम चालत नाही हे वाचलं होतं म्हणून महिनाभर मी माळ्यावर चढले नाही, पडले तर काय घ्या! अपघाताला ती तीस दिवसांची अट नसते हे पुढे कळलं. माळा साफ न करण्याची सबब मात्र त्या महिन्यात उत्तम चालली. पण रात्रीचं मोजणं थांबलं. क्लेम एकही केला नव्हता, तरी थांबलं.

हे फक्त माझ्या मनाचे खेळ आहेत असं कुणी म्हणेल, म्हणून दूरचं एक उदाहरण देते. 2008 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्याकडे गरीब प्रौढांसाठीच्या सरकारी विम्यात थोड्याच जागा होत्या आणि रांगेत माणसं सुमारे नव्वद हजार. त्यांनी चक्क सोडत काढली, आपल्याकडे म्हाडाची निघते तशी. अभ्यासकांना आयतीच संधी मिळाली: नंबर लागलेले आणि न लागलेले, एरवी सारखेच. दोन वर्षांनी पाहिलं तर विमा मिळालेल्यांत नैराश्य बरंच कमी झालेलं, दवाखान्यापायी कंगाल होणं जवळपास थांबलेलं. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर यांत ठोस फरक दिसेना. झालं, तिथेही उपवनच्या बाकावरचाच वाद सुरू झाला. एक बाजू म्हणाली, बघा, शरीरात काही बदललं नाही, नुसतं बरं वाटतंय. दुसरी म्हणाली, लोकांना बरं वाटतंय, अजून काय हवं? मला त्यातली वेगळीच एक नोंद महत्त्वाची वाटते. 'माझी तब्येत बरी आहे' असं सांगणाऱ्यांचं प्रमाण विमा मिळाल्यावर लगेचच वाढलं होतं, उपचार फारसे घेऊन व्हायच्या आधी. म्हणजे कार्डाचा पहिला उपचार भीतीवर होतो. आणि भीती हा आजार नाही, असं कोण म्हणेल? काकूंनी ती दोन वर्षं छातीत बाळगली होती.

तरीही समोरच्यांचे मुद्दे उडवून लावण्यासारखे नाहीत. सगळ्यात जोरदार मुद्दा असा की, न वापरलेल्या वस्तूबद्दलचं समाधान म्हणजे दुकानदाराच्या बोलण्याबद्दलचं समाधान. विमा ही अशी वस्तू, जी घेताना कळत नाही, खाटेवर पडल्यावर कळते. खाजगी पॉलिसीचं एक कलम घेऊ. पाच लाखांची पॉलिसी, खोलीभाड्याला रोज एक टक्का मर्यादा, म्हणजे 5,000 रुपये. ॲडमिट होताना 8,000 ची खोली मिळाली. सामान्य माणसाचा हिशोब असा की वरचे तीन हजार आपण भरू. पण कात्री फक्त खोलीवर चालत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे जे खर्च खोलीशी जोडलेले, तेही पाचास आठ या प्रमाणात कापले जातात. ते 80,000 झाले असतील तर मंजूर 50,000. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यातून वगळल्या आहेत, ती त्यातल्या त्यात दया. माझ्या नवऱ्याच्या हर्नियाच्या वेळी हे गणित आम्ही डिस्चार्जच्या काउंटरवर उभं राहून शिकलो. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कलम आमच्याच पॉलिसीत होतं. आधी असलेल्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. 2024 पूर्वी ते चार वर्षं होतं. या सगळ्याची कल्पना पॉलिसी घेतली त्या दिवशीच्या माझ्या समाधानाला होती का? नव्हती. मग ते समाधान खोटं होतं का?

मला वाटतं, इथेच बाकावरची मंडळी घसरतात. समाधान खोटं नव्हतं, अर्धवट माहितीवर उभं होतं. आणि माहिती पूर्ण करणं ही जबाबदारी ज्याने हप्ता घेतला त्याची आहे, ज्याला हायसं वाटलं त्याची नव्हे. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाने हे थोडंफार मान्यही केलंय. 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाचं एक कार्यालय आता ठाण्यातच आहे, तिथे तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. बाकावर मी विचारलं, हे कुणाकुणाला माहीत होतं? सगळे तलावाकडे बघायला लागले. हसायला माहिती लागत नाही, भांडायला लागते.

दुसरा मुद्दा मला अधिक बोचतो, कारण तो खरा आहे. सरकारी कार्ड दाखल झाल्यावरच चालतं. काकूंच्या रोजच्या गोळ्या, महिन्याची तपासणी, फॅमिली डॉक्टरची फी, यातलं काहीही त्यात नाही. माणूस खाटेला टेकेपर्यंत योजना गप्प असते. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 वर आला असं सरकारचाच हिशोब सांगतो. उतार मोठा आहे, नाकारत नाही. पण शंभरातले एकोणचाळीस अजून खिशातूनच जातात, आणि त्यातले कितीतरी मेडिकलच्या दुकानात, शंभर-दोनशेच्या चिल्लरीने जातात. त्याची बातमी होत नाही.

तिसरा मुद्दा: कार्ड वाटण्यापेक्षा हॉस्पिटलं बांधा. ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात अठरा रुग्ण दगावले, तेव्हा ठाणेकरांना पाच लाखांचं कवच कशाशी खायचं, असा प्रश्न पडला असेल तर त्यात चूक काय? 1946 च्या भोर समितीने सांगितलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचाराविना राहता कामा नये, आणि त्यासाठी सरकारी दवाखान्यांचं जाळं विणा. ते विणलं कमी, ठिगळं जास्त लावली. शिवाय कार्डाच्या पैशावर डोळा ठेवून काय होतं तेही पाहिलंय: 2012 च्या सुमारास छत्तीसगड आणि बिहारमध्ये तीस हजारांच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेखाली बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढल्याची प्रकरणं बाहेर आली. आयुष्मानच्या नोंदींत साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाइल नंबरला जोडलेले आहेत, हे 2023 मध्ये सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगने दाखवलं. 99999 99999 हा तो नंबर.

हे सगळं मान्य. पण 'आधी हॉस्पिटल, मग कार्ड' हा क्रम आपल्या इतिहासात कधी तसा चालला आहे का? माझे वडील वागळे इस्टेटमध्ये कामगार होते. ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा कायदा 1948 चा, प्रत्यक्ष योजना 1952 मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली आणि मग पसरत आपल्याकडे आली. ठाण्याचं कामगार हॉस्पिटल अजून त्याच नावाने ओळखलं जातं, रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही. वडील आयुष्यभर तिथल्या रांगेला, लाल औषधाला आणि डॉक्टर वर न बघता चिठ्ठी लिहितो याला शिव्या घालत आले. आणि आयुष्यभर तिथेच गेले. आम्ही दोघी बहिणी तिथे जन्मलो. लहानपणी मला हे कळायचं नाही, इतकं वाईट आहे तर जाता कशाला? आता कळतं. पगारातून पैसे कापले जात होते. ते हॉस्पिटल त्यांचं होतं, आणि कुरकुर माणूस आपल्या घरातच करतो.

तेच खाडीपलीकडे नवी मुंबईत. माथाड्यांना 1969 च्या कायद्याआधी कागदावर मालकच नव्हता, पाठीवर शंभर किलोची गोणी होती एवढंच. अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली, कायदा झाला, मंडळं आली, व्यापाऱ्याकडून मजुरीवर लेव्ही वसूल होऊ लागली आणि त्यातून पुढे उपचाराची सोय झाली. कोपरखैरण्यात त्यांचं हॉस्पिटलही आहे. माथाडीच्या हातात आधी आलं ते मंडळाचं नोंदणीचं कार्ड. त्या कार्डाने त्याला वाटलं, आपण मोजले गेलो. जो मोजला गेला तो विचारायला लागतो. कार्ड आणि हॉस्पिटल यांच्यामध्ये संघटना होती, म्हणून कार्ड वाया गेलं नाही. काकूंच्या आणि हॉस्पिटलच्या मध्ये कोण आहे? मंडळातला मुलगा, जो पुढचं नाव पुकारतो. योजनेत रुग्णाला मदत करणारा आरोग्यमित्र आहे, प्रत्येक संलग्न हॉस्पिटलात त्याचं टेबल असायला हवं. पण त्या टेबलापर्यंत जाण्याआधी कुठल्या हॉस्पिटलात जायचं हे कळावं लागतं.

'विमा मिळाला की लोक उगाच दवाखान्यात गर्दी करतात' हे पालुपद मी मुद्दाम शेवटी घेतलंय, कारण त्यात तिरस्कार लपलेला असतो. ब्रिटनमध्ये 5 जुलै 1948 ला सर्वांना मोफत आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा चष्मे आणि कवळ्यांसाठी अशी झुंबड उडाली की अंदाजपत्रक कोलमडलं. फुकट मिळतंय म्हणून घेतायत, अशी ओरड तिथेही झाली. 1951 मध्ये कवळ्या-चष्म्यांवर पैसे लावायचं ठरलं, आणि ज्यांनी ही सेवा उभी केली ते अनायरिन बेव्हन मंत्रिपद सोडून बाहेर पडले. विचार करा, फुकट मिळते म्हणून हौसेने कवळी कोण लावतं? ती माणसं वर्षानुवर्षं हिरड्यांनी चावत होती. नव्या विम्यानंतरची गर्दी ही हौस नसते, थकबाकी असते. काकूंची दोन वर्षांची आहे.

उरला कृतज्ञतेचा प्रश्न. आपल्याकडे कार्डावर हसरे चेहरे असतात आणि कार्ड घेणाऱ्याला 'लाभार्थी' म्हणतात. लाभार्थ्याला विचारायचं ते 'समाधानी आहात का', आणि त्याने म्हणायचं ते 'हो साहेब'. हप्ता भरणारी मी मात्र ग्राहक, मला चिडायची मुभा. पंचेचाळीस वर्षं गॅस, तेल, पीठ, प्रत्येक गोष्टीवर कर भरून हजारोंना जेवू घातलेली बाई लाभार्थी कशी होते, हे मला कुणीतरी समजावून सांगा. बाकावरचे सगळ्यात मोठ्याने हसणारे, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले काका आहेत ना, त्यांच्याही पाकिटात वय वंदना कार्ड आहे. खाजगी पॉलिसी असली तरी ते मिळतं, आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढलं. त्यांना कुणी लाभार्थी म्हणत नाही. त्यांनीही कुणाचे आभार मानलेले नाहीत, आणि बरंच केलं.

म्हणून विचारायचंच असेल तर कार्ड मिळाल्याच्या दिवशी विचारू नका. वर्षाने या. कुठलं दुखणं इतके दिवस लपवलं होतं आणि आता सांगितलं, ते विचारा. सांगितल्यावर कुठे गेलात, परत किती वेळा पाठवलं, आणि कार्ड असताना खिशातून किती गेले, ते विचारा. या उत्तरांची टक्केवारी फलकावर छापण्यासारखी निघणार नाही, याची मला खात्री आहे.

काकूंना मागच्या महिन्यात एक फोन आला होता, रेकॉर्ड केलेला आवाज: कार्डाबाबत समाधानी असाल तर एक दाबा, नसाल तर दोन दाबा. मी भाजी निवडत तिथेच बसले होते. बराच वेळ काकू फोनवर बोलत होत्या, मग वैतागून ठेवला. मी विचारलं, काय दाबलंत?

'कसलं दाबतेस? मी त्याला विचारत होते, छातीचं कुठल्या हॉस्पिटलात दाखवायचं. तो आपला ऐकतच नाही, एक दाबा, दोन दाबा.'